जुन्या पद्मिनीच्या रेडिएटरमध्ये काय घालावं?

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी अजून जपली आहे, त्यांतले बरेच जण रेडिएटरमध्ये नळाचं पाणीच ओततात. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंटवर खर्च कशाला, हा त्यांचा हिशेब. गोठण्याचं खरंच आहे. पण आपल्या हवेत कूलंट लागतं ते मुख्यतः गंजाला अडवायला.

या गाडीचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिसं-कथिलाच्या डाखाचे. इतके धातू एकाच पाण्यात आले की त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो आणि आधी ॲल्युमिनियम झिजतं. हेड उघडलं की पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात, त्या यामुळेच. त्यात पाणी बोअरचं असेल तर गिझरच्या कॉइलवर चढतो तसा क्षारांचा थर आत चढतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. म्हणून मला विचाराल तर भारी ब्रँडच्या आधी डिस्टिल्ड पाण्यावर पैसे घाला.

कूलंट जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं घ्या. ते बहुधा हिरवं असतं, पण रंगावर जाऊ नका. तांबं, पितळ आणि सोल्डरला चालतं असं डब्यावर लिहिलेलं हवं. दोन प्रकार एकत्र करू नका, कधीकधी त्यांचा चिकट गाळ होतो. एक भाग कूलंटला दोन भाग पाणी आपल्याकडे पुरतं. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे जास्त घालून फायदा नाही. तयार मिश्रण आणलंत तर त्यात पाणी घालायचं नाही.

दर दोन वर्षांनी बदला, रंग ताजा दिसला तरी. गंजरोधक द्रव्यं तोवर संपत आलेली असतात. शंका असेल तर मल्टिमीटर लावा: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. 0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर कूलंट बदलायची वेळ झाली, किंवा कुठेतरी अर्थिंग खराब आहे.

रेडिएटरच्या कॅपकडे मात्र कुणी बघत नाही. आतला दाब एका पौंडाने वाढला की उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने चढतो. कॅपचं रबर कडक झालं की तो दाब टिकत नाही आणि खंबाटकी घाट चढताना गाडी उकळते. रबर तपासायचं ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

काढलेलं कूलंट गटारात सोडू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्यानंही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून गॅरेजमध्ये द्या.