तांबे, माणसे आणि भागाकार

देशाची भरभराट मोजायची तर नुसते उत्पादन पाहून भागत नाही. ते किती माणसांच्या वाट्याला येते हेही पाहावे लागते. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. शाळा थोडी, हिशेब शिकलो तो पगारपत्रकावर. तोच हिशेब आफ्रिकेतील झांबिया देशाला लावून पाहू.

झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला. त्याची निर्यात म्हणजे मुख्यतः तांबे. १९६९ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे ४० लाख भरली आणि तांबे निघाले सुमारे सव्वासात लाख टन. माणशी जवळजवळ १८० किलो. २०२२ च्या शिरगणतीत माणसे झाली १ कोटी ९६ लाख. तांबे मात्र साडेसात लाख टनांच्या आसपासच. माणशी ४० किलोही नाही.

कोणी म्हणेल, 'मुलेच फार झाली, दुसरे काय!' पण हा निम्माच हिशेब झाला. सरकारने १९६९ साली खाणींत ५१ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. मालकी आली, पण भाव हाती आला नाही. तो ठरतो लंडनच्या बाजारात. १९७५ साली तो कोसळला, कर्ज वाढले, यंत्रे जुनी झाली, आणि २००० साली उत्पादन अडीच लाख टनांवर उतरले. खाणी पुन्हा खाजगी झाल्या. साठ हजारांच्या घरातले खाणकामगार वीस-बावीस हजारांवर आले. पुढे उत्पादन तिप्पट झाले, तरी २०२० साली परदेशी कर्जाचा हप्ता भरता आला नाही. यात पाळण्यातल्या मुलांचा काय दोष?

आणि पाळणाही हुकमाने लांबत नाही. तेथे १९९२ मध्ये बाईमागे सरासरी साडेसहा मुले होत; २०१८ मध्ये ४.७. मुलगी शाळेत टिकली, झालेले मूल जगेल असा भरवसा आला, की आईबाप आपणच थोड्यांवर थांबतात. पण शाळा आणि दवाखाना यांना पैसा लागतो, आणि तो तांब्यातूनच यावयाचा असतो.

जमिनीतले तांबे एकदाच निघते. ते संपण्याआधी त्याची शाळा, कालवा, कारखाना झाला, तर वाढलेली तोंडे ही वाढलेले हात ठरतात. नाहीतर उरतो फक्त खड्डा. म्हणून विकासाचा आकडा कोणी सांगितला, की आपण दोनच प्रश्न विचारावेत: किती माणसांत, आणि त्यांतल्या कितींना काम?