चार हुतात्म्यांचे गाव आणि फाशीचा प्रश्न

१२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी देण्यात आली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ही त्यांची नावे. सरकारी दफ्तरात हा पोलिसांच्या खुनाचा खटला होता. सोलापूर मात्र या चौघांना हुतात्मे मानते. दरवर्षी १२ जानेवारीला शहरातल्या चार पुतळ्यांना हार घातले जातात. फाशीची शिक्षा असावी की नसावी, हा वाद महाराष्ट्रात अनेकदा झाला, पण या गावाइतका जवळचा पुरावा फार थोड्या गावांपाशी असेल.

गांधीजींना अटक झाल्याची बातमी मे १९३० च्या पहिल्या आठवड्यात सोलापुरात पोहोचली आणि गिरण्यांचे हे गाव उसळले. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून लोक आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. जमावाने कोर्टाला आग लावली, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटवली आणि दोन पोलीस शिपाई मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात ब्रिटिश सत्ता नावालाही उरली नव्हती. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत टिकला. नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लावणे हाही त्या काळात गुन्हा ठरला.

या खटल्यात आरोपी झालेले चौघे चार वाटांनी आलेले होते. धनशेट्टी लिंगायत समाजातले काँग्रेस कार्यकर्ते, सारडा मारवाडी व्यापारी, शिंदे युवक चळवळीतले, तर कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचे पुढारी आणि ‘गझनफर’ या पत्राचे संपादक. धनशेट्टींनीच त्या दिवशी संतापलेल्या जमावाच्या हातून कलेक्टरला वाचवले, असे सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. हजारोंच्या जमावात दोन शिपायांवर नेमका कोणाचा हात पडला, हे सिद्ध करणे कोणत्याही काळात कठीणच असते. इथे तर रस्त्यावर लष्कर असलेल्या शहरात तपास झाला. त्या काळचा कायदाही फाशीकडे झुकलेला होता. खुनाला फाशी हा नियम होता आणि न्यायाधीशाने जन्मठेप दिली, तर फाशी का दिली नाही याची कारणे त्याला लिहावी लागत. ही सक्ती १९५५ मध्ये काढून टाकण्यात आली.

१९३१ हे सारे सालच फाशीच्या सावटाखाली गेले. जानेवारीत सोलापूरचे चौघे गेले, २३ मार्चला लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू गेले. त्याच वर्षी काँग्रेसच्या कराची अधिवेशनातून मूलभूत हक्कांचा ठराव निघाला. ऑगस्टमध्ये मुंबईत पक्क्या झालेल्या त्याच्या मसुद्यात ‘देहदंड नसेल’ हे एक कलम आहे. स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्यांनी फाशीमुक्त कायद्याची मागणी तेव्हाच लेखी नोंदवली होती, हे आज क्वचितच कोणाला आठवते. संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही फाशीच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले. ज्या देशात अहिंसा हे नैतिक मूल्य मानले जाते, त्या देशाने ही शिक्षा ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. संविधानाने मात्र फाशी काढली नाही. ती विधिमंडळावर सोपवली आणि राष्ट्रपती व राज्यपालांकडे दयेचा अधिकार ठेवला.

त्यानंतर कायदा हळूहळू उलट्या बाजूला सरकला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने जन्मठेप हा नियम केला आणि फाशी द्यायची असेल, तर ‘विशेष कारणे’ लिहिण्याचे बंधन घातले. ९ मे १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात चार विरुद्ध एक मताने फाशी वैध ठरवली, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ गुन्ह्यासाठीच राखून ठेवली. मतभेद नोंदवणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचा आक्षेप स्पष्ट होता. फाशी होईल की नाही, हे पुष्कळदा समोर कोणते न्यायाधीश बसले आहेत यावर ठरते, असे त्यांनी मांडले.

‘दुर्मिळातील दुर्मिळ’ म्हटले की पुणेकरांना जोशी-अभ्यंकर खून आठवतात. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात चार तरुणांच्या टोळीने दहा जणांना मारले. त्यांचा पहिला बळी त्यांच्याच ओळखीचा विद्यार्थी होता. संस्कृतचे विद्वान काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांचे कुटुंबही त्यात संपले. संध्याकाळ झाली की पुण्यातली दारे बंद होऊ लागली होती. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. या खटल्यात निर्दोषाला शिक्षा झाल्याची शंका कोणी घेत नाही, आणि फाशीच्या बाजूचे लोक याच खटल्याचे उदाहरण देतात.

अडचण येते ती खात्री नसलेल्या खटल्यांत. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात राठी कुटुंबातल्या स्त्रिया आणि मुलांसह सात जणांचे खून झाले. त्यात शिक्षा झालेल्या राजस्थानातल्या एकाची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायम केली. बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती. वजाबाकी साधी आहे, पण ती न्यायालयात पोहोचायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षे सहा महिन्यांचा होता. कायद्याने अशा मुलाला फाशीच काय, जन्मठेपही देता येत नाही. २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून तो सुटला. मधल्या काळात फाशी अमलात आली असती, तर तो दाखला कोणाच्या उपयोगाचा होता?

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या २००३ मधील खटल्यात तर याहून भयंकर घडले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, तपासावर ताशेरे ओढले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्यास सरकारला सांगितले. 

फाशी मागणाऱ्यांचा राग खोटा मानण्याचे कारण नाही. कोपर्डीच्या मुलीवर २०१६ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर गावोगाव लाखोंचे मूक मोर्चे निघाले. सोलापूरही त्यात होते आणि दोषींना फाशी ही त्यातली पहिली मागणी होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच कायम केली होती. चोरीच्या वेळी आडोसा म्हणून पळवून आणलेल्या लहान मुलांचे खून त्यांच्यावर सिद्ध झाले होते. दयेचा अर्ज निकाली काढायला सरकारने सात वर्षांहून अधिक काळ घेतला. अखेर १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा विलंब हेच कारण मानून शिक्षा जन्मठेपेत बदलली. ज्या आयांची मुले गेली, त्यांना २५ वर्षे अखेरच्या निकालाचा आधार मिळाला नाही. फाशीची घोषणा झाली की सरकारची जबाबदारी संपते, हा समज इथे उघडा पडतो.

विधी आयोगाने १९६७ च्या अहवालात फाशी ठेवावी असे म्हटले होते. ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली. जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब जास्त असते, याला आधार मिळत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. संसदेने ती शिफारस स्वीकारली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात खुनाला फाशी किंवा जन्मठेप हीच शिक्षा आहे.

आज सोलापूरच्या सत्र न्यायाधीशांनी फाशी सुनावली, तर निकालात ‘मरेपर्यंत गळफास’ हे शब्द येतील, पण त्यावर लगेच अंमल होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, राज्यपाल आणि राष्ट्रपती. सगळे मार्ग बंद झाल्यावर सत्र न्यायालयाकडून मृत्युदंडाचे वॉरंट निघते. त्यावर दिवस आणि वेळ लिहिलेली असते. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच तुरुंगांत आहे, एक नागपूर आणि दुसरा येरवडा.