टाल्लिनचे पत्र : आधी शिक्षक, मग संगणक

टाल्लिन : बीड जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 25 लाखांच्या वर होती. एस्टोनिया हा अख्खा देश त्याच्या साधारण निम्म्या माणसांचा. 1991 मध्ये सोव्हिएत संघातून सुटला तेव्हा पैशाने गरीब होता. तरी 1996 मध्ये राष्ट्राध्यक्ष लेन्नार्ट मेरी यांनी ‘टीग्रीह्युपे’ ही योजना जाहीर केली आणि काही वर्षांतच शाळाशाळांत संगणक व इंटरनेट पोचले. शिक्षकांना शिकवण्याचे कामही त्याच योजनेत होते. हा देश समजून घ्यायचा तर मला तीच बाब सर्वांत मोलाची वाटते.

इथे विषयशिक्षक व्हायला पदव्युत्तर शिक्षण लागते. टाल्लिन आणि तार्तू विद्यापीठांत आज शिक्षक व्हायला शिकणारी मुले-मुली ‘ई-कोल’ ही शाळेची ऑनलाइन नोंदवही पाहतच वाढली. 2002 पासून त्यावर हजेरी, गुण, गृहपाठ पालकांनाही दिसतो. या भावी शिक्षकांना साधनांचे अप्रूप नाही की धास्तीही नाही. पडद्यावरच्या प्रश्नमंजूषेतून कोणत्या मुलाचे कुठे अडले हे कळणार असेल तर ती घ्यायची, नाहीतर खडू पुरतो. हा निर्णय इथे शिक्षकच घेतो, वरून परिपत्रक येत नाही. 2025 मध्ये दहावी-अकरावीच्या सुमारे 20 हजार विद्यार्थ्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची योजना आखली, तेव्हा त्यातही 3 हजार शिक्षकांचे प्रशिक्षण धरले होते.

आपल्याकडे डी.एल.एड. करणारी मुलगी पाठ टाचण वहीत लिहिते, सरावपाठासाठी तक्ते रंगवते, टीईटीच्या तयारीत वर्षे घालवते आणि मग एके दिवशी जिल्हा परिषद शाळेत भिंतीवरच्या पॅनलसमोर उभी राहते. ती बिचकली तर दोष तिचा नाही. मोबाइलवर तिचा हात सराईत असतो; पण मोबाइल चालवणे वेगळे आणि त्यावर वर्ग चालवणे वेगळे. ते सरावपाठातच अंगवळणी पडते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. क्यूआर कोडची पुस्तके सर्वांना ठाऊक झाली; पण त्याआधी त्यांनी मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून धडे त्या भाषेत नेले होते. गरज आधी, साधन नंतर.

बीडची गरज तर डोळ्यांसमोर आहे. मांजरसुंब्याच्या चौकातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. जे मूल हंगामी वसतिगृहात राहत नाही, त्याचे अर्धे वर्ष फडावर जाते. त्याला धडा पाठवणे, त्याने काय सोडवले ते पाहणे, चुकले तिथे आवाजात समजावणे, हे भावी शिक्षकांना करता आले पाहिजे. अंबाजोगाईची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि जिल्ह्यातली अध्यापक विद्यालये यांनी आंतरवासितेतले काही पाठ याच मुलांसाठी, फोनवरून, घ्यायला लावावेत. त्यासाठी नव्या यंत्रांची वाट पाहायला नको. ‘दीक्षा’ हा शालेय धड्यांचा ऑनलाइन मंच 2017 पासून चालू आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेत.