कडू (आडनाव)

कडू : महाराष्ट्रातील एक विरळ आडनाव. ते वऱ्हाडात प्रचलित असून अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यातील बेलोरा या गावामुळे अलीकडच्या काळात राज्यभर परिचित झाले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी भागात ते ‘कडू पाटील’ अशा जोडनावाच्या रूपात आढळते, तर कोकणात रायगड जिल्ह्याच्या उरण परिसरातही ते आहे. भाषेतील एखाद्या सामान्य शब्दावरून पडलेली आडनावे ठिकठिकाणी स्वतंत्रपणे रूढ होतात. त्यामुळे परस्परांपासून दूर असलेली ही सर्व घराणी एकाच मूळ पुरुषाची मानण्याचे कारण नाही. आडनावाच्या साम्यावरून जात किंवा कुळ ठरविणेही योग्य नव्हे.

शब्दाची व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत ‘कटु’, प्राकृत ‘कडु’ व ‘कडुअ’, मराठी ‘कडू’ असा तिचा क्रम आहे. अर्थाचा प्रवास मात्र तितका सरळ नाही. आयुर्वेदातील सहा रसांपैकी ‘कटु’ म्हणजे मिरीसारखा तिखट रस, आणि निंबाची चव सांगणारा शब्द ‘तिक्त’ हा होय. सुंठ, मिरी व पिंपळी या तीन तिखट द्रव्यांना ‘त्रिकटू’ म्हणतात, ते या जुन्या अर्थानेच. हिंदीत मोहरीच्या तेलाला ‘कडवे तेल’ म्हटले जाते, त्यातही तोच अर्थ टिकून आहे. मराठीत तिखटपणा ‘तीक्ष्ण’पासून आलेल्या ‘तिखट’ शब्दाकडे गेला आणि ‘कडू’ हा निंब, कारले व कडू भोपळा यांच्या चवीपुरता उरला. याच कुळातील ‘कडवा’ शब्दाला निष्ठेचा व चिवटपणाचा अर्थही आला. कडवा सैनिक म्हणजे माघार न घेणारा सैनिक. आडनावाचा विचार करताना ही दुसरी छटा सहसा ध्यानात घेतली जात नाही.

व्याकरणदृष्ट्याही हे आडनाव लक्षणीय आहे. माणसाच्या रंगरूपावरून अथवा व्यंगावरून पडलेली मराठी आडनावे बहुधा आदरार्थी अनेकवचनात असतात, उदा., काळे, गोरे, लहाने, थोटे, बोबडे. गावावरून आलेल्या आडनावांना देशावर व कोकणात ‘कर’ लागतो. वऱ्हाडातही तो लागतो, पण तेथे वानखेडे यांसारखी एकारान्त रूपे पुष्कळ आहेत. ‘कडू’ हे ऊकारान्त विशेषण वचनानुसार बदलत नाही. कडू फळ आणि कडू फळे यांत विशेषण तेच राहते. त्यामुळे आडनाव होतानाही त्याला कोणताच प्रत्यय लागला नाही. ‘कडवे’ हे आडनाव ‘कडवा’पासून झालेले असून ते वेगळे आहे. पुणे जिल्ह्यातील कडूस गावावरून आलेल्या ‘कडूसकर’ आडनावाचाही याच्याशी संबंध नाही.

हे आडनाव कसे पडले असावे, याविषयी दोन उपपत्ती संभवतात. पहिली स्वभावनिदर्शक : फटकळ बोलणाऱ्या पुरुषाला गावाने दिलेले नाव पुढे घराण्याला चिकटले असावे. साखरे, गोडे, तिखे अशी चवीची इतर आडनावे पाहता ही उपपत्ती अशक्य नाही. दुसरी उपपत्ती अधिक विचारार्ह आहे. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नव्या बाळाला मुद्दाम हीन किंवा नकोसे वाटणारे नाव ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. दगडू, धोंडू, केरबा, कचरू ही नावे अशीच पडली. वऱ्हाडात उकिरड्यावरून ‘उकर्डा’, ‘उकंडा’ अशी नावे ठेवीत. बाळ उकिरड्यावर लोळविले म्हणजे ते टाकाऊ समजून मृत्यू त्याकडे पाहणार नाही, अशी समजूत होती. मूठभर कोंडा देऊन शेजारणीकडून मूल ‘विकत’ घेतले, तर ते कोंडाजी होई. भीक मागून मिळविले, तर भिकाजी. ‘कडू’, ‘कडूबा’ व ‘कडूबाई’ ही व्यक्तिनावे याच मालिकेतील होत. कडू वस्तू कोणी तोंडात धरीत नाही, म्हणून काळही हे मूल गिळणार नाही, असा त्यामागील भाव असे. मराठवाड्यात ही नावे अजूनही ऐकू येतात. मर्तिकाच्या घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पोहोचविलेल्या अन्नाला ‘कडू घास’ म्हणतात, हेही येथे आठवते. मृत्यू आणि कडू चव यांची सांगड मराठी मनात जुनी आहे. मुलाचे नाव ठेवताना आईबाप तीच सांगड उलटी वापरीत.

इतर समाजांतही असे प्रकार आढळतात. बंगालीतील ‘तिनकडी’ हे नाव तीन कवड्यांना ‘विकलेल्या’ मुलाचे. पूर्व युरोपातील ज्यू लोक धोक्यातील तान्ह्या मुलाला ‘आल्टर’, म्हणजे ‘म्हातारा’, असे नाव देत, आणि तेही पुढे आडनाव झाले. तुर्की ‘दुर्सुन’ या नावाचा अर्थ ‘राहू दे, टिकू दे’ असा आहे. व्यक्तिनाव आजोबांकडून नातवंडांकडे जात आडनाव बनते, ही प्रक्रिया सर्वत्र सारखीच आहे.

वऱ्हाडात आडनावाचा नित्य वापर तुलनेने उशिरा रूढ झाला. गावात माणूस त्याच्या नावाने, फार तर ‘राव’ किंवा ‘जी’ लावून ओळखला जाई. चांदूर बाजार तालुक्यातील माधान येथील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचे आडनाव मोहोड आणि गाडगे महाराजांचे जानोरकर, हे आजही अनेकांना ठाऊक नसते. वतनाच्या पदव्यांनी तर मूळ आडनावे झाकूनच टाकली. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांचे मूळ आडनाव कदम होते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमीनमोजणी होऊन शेत खातेदाराच्या नावे लागू लागले. शाळेच्या पटावरही पूर्ण नाव लिहिणे आवश्यक झाले. तोवर तोंडी चालत आलेली अनेक आडनावे यामुळे कागदावर स्थिरावली. ती बोलावणारा शेजारी आणि लिहिणारा कारकून यांच्या मर्जीप्रमाणे स्थिरावली, असेही म्हणता येईल.

या आडनावाच्या वाट्याला एक अन्यायही आला आहे. जुन्या मराठीत ‘गोड’ व ‘कडू’ अशी विभागणी करून लग्नसंबंधाबाहेरील संततीला ‘कडू’ म्हणून हिणविण्याची रीत होती. तीवरून हे आडनाव त्याच अर्थाचे असल्याचे काही लोक सहज बोलून जातात. तथापि हिणवणीचा शब्द घराणे स्वतःहून पिढ्यान्‌पिढ्या मिरवीत नाही. राहुरी भागात तर तो पाटीलकीच्या मानाला जोडलेला आहे. शब्द एक असला, तरी त्याची आडनावात येण्याची वाट वेगळी असू शकते. नकोशा वाटणाऱ्या आडनावाऐवजी दुसरे घेऊन तसे शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करण्याची सोय महाराष्ट्रात आहे व अनेक घराणी तिचा उपयोग करतात. कडू घराण्यांपैकी ज्यांनी नाव जपले, त्यांनी त्याचा अर्थ ठाऊक असूनच ते जपले.

आडनावाच्या आजच्या प्रसिद्धीचे श्रेय बेलोरा येथील ओमप्रकाश ऊर्फ बच्चू कडू यांच्या सार्वजनिक जीवनाला द्यावे लागते. २००४ ते २०१९ या काळातील चार विधानसभा निवडणुकांत ते अचलपूर मतदारसंघातून निवडून आले, २०१९ ते २०२२ मध्ये राज्यमंत्री होते आणि २०२४ च्या निवडणुकीत पराभूत झाले. त्यांच्या बोलण्यावर ‘कडू’ या शब्दाची कोटी करण्याचा मोह वृत्तपत्रांना वारंवार झाला आहे.

लेखनात या आडनावाची दोन रूपे दिसतात. अन्त्य उकार दीर्घ लिहावा, या शुद्धलेखनाच्या नियमानुसार ‘कडू’ हे रूप शुद्ध होय. पण मतदारयाद्या व दुकानांच्या पाट्या यांवर ‘कडु’ हे ऱ्हस्व रूपही सर्रास आढळते. रोमन लिपीत ‘ड’ व ‘द’ यांसाठी एकच अक्षर वापरले जात असल्याने महाराष्ट्राबाहेर त्याचा उच्चार ‘कादू’ असा होतो.