नागरी नियोजनातील हरित जागा : आरक्षणाची मुदत आणि लासलगावसारखी बाजारपेठेची गावे

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास योजनेत खुल्या जागा, क्रीडांगणे व हरित पट्टे यांसाठी क्षेत्र निश्चित करता येते. नकाशावर हिरवा रंग दिसला की उद्यान मिळाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः आरक्षण हे मालकाच्या विकासहक्कावरील बंधन आहे. भूसंपादन होईपर्यंत मालकी त्याचीच राहते.

हे बंधन कायमचे नाही. कलम १२७ नुसार योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती २४ महिने झाली. या मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने केवळ प्रस्ताव पाठविणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, असा अर्थ लावला. त्यामुळे निधीअभावी थांबलेल्या स्थानिक संस्थांना पळवाट उरली नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम देय केली. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. परंतु लहान संस्थेला उद्यानासाठी जमीन विकत घेणे त्यामुळे अधिकच अवघड झाले. हस्तांतरणीय विकासहक्काचा पर्यायही जेथे चटईक्षेत्राला मागणी आहे तेथेच उपयोगी पडतो.

म्हणूनच निफाड तालुक्यातील लासलगावसारख्या गावाच्या संदर्भात दुसरी तरतूद अधिक महत्त्वाची ठरते. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के मनोरंजनात्मक खुली जागा सोडावी लागते. यासाठी शासनाला संपादनाचा खर्च येत नाही. मात्र शेतजमिनीचे लहान तुकडे पडून वस्ती वाढली, तर प्रत्येक तुकडा या मर्यादेच्या आतच राहण्याचा संभव असतो. तुकड्यांबाबत काही पोटतरतुदी आहेत; पण त्यांतून सलग बाग क्वचितच उभी राहते.

कांद्याच्या लिलावासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात बाजार समितीचे आवार ही सर्वांत ठळक मोकळी जमीन. हंगामात ती ट्रॅक्टरांनी भरते. तिला हरित जागा म्हणता येत नाही. वृक्षांच्या बाबतीतही भेद आहे. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा नागरी क्षेत्रांपुरता असून वृक्ष प्राधिकरण त्याच कायद्याने येते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो. त्यात अनुसूचित जातींच्या वृक्षांच्या तोडीवर नियंत्रण आहे, लागवडीचे नियोजन नाही.

अशा गावांत अभ्यासकांनी प्रथम पाहावा तो मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि त्यातील खुल्या जागेचा सातबारा उतारा. त्या जागेची नोंद कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर काय बांधले गेले आहे, हे तेथेच तपासता येते.