मंगळावर खोळंबलेले साहेब

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान हवेने फुगलेल्या पिशव्यांवर चेंडूसारखे उसळ्या घेत मंगळावर सुखरूप उतरले. छायाचित्रे आली, जगभर वाहवा झाली. पण तिथल्या हवामानाच्या नोंदी सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत तोच यानावरचा संगणक मधूनच हातातले काम टाकून स्वतः बंद पडू लागला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला! त्या दिवसाची उरलेली कामे मग दुसऱ्या दिवसावर जात. कारागीर पाठवावा तर नुसता निरोप पोचायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे.

आपल्याला वाटते, संगणक दहा कामे एकदम करतो. पाथफाइंडरवर आकडेमोड करणारा प्रोसेसर एकच होता, आणि असा प्रोसेसर एका क्षणी एकच काम करतो. कामे इतक्या झपाट्याने पालटतो, की आपली फसगत होते, इतकेच. पाळी कोणाची हे ठरवते ऑपरेटिंग सिस्टीम नावाची कारभारीण. घरच्या संगणकावर ती सगळ्यांच्या पानात थोडेथोडे वाढते. यानावर मात्र मानपान कडक! वरच्या मानाचे काम आले, की खालच्याने मुकाट्याने उठायचे.

आता एक जुनी कचेरी डोळ्यांसमोर आणा. टाईपरायटर एकच, तोच आपला प्रोसेसर. उमेदवार कारकून रजिस्टर पुढ्यात घेऊन हवामानाचे आकडे टाइप करतो आहे. साहेबांना नेमके तेच रजिस्टर हवे. ते म्हणतात, "दोन ओळी राहिल्यात ना? उरक लवकर." इतक्यात हेडक्लार्क येतात, उमेदवाराला उठवतात आणि लांबलचक पत्र बडवीत बसतात. उमेदवार उभा, रजिस्टर त्याच्या काखेत, आणि साहेब खोळंबलेले! हेडक्लार्कांना साहेबांच्या खोळंब्याची गंधवार्ताही नाही. नियम कोणीच मोडलेला नाही, ही यातली खरी गंमत.

यानावर अगदी हेच घडत होते. साहेबांचे काम वेळेत झाले नाही, की पहाऱ्यावरची यंत्रणा सारेच बिघडले असे धरून संगणक नव्याने सुरू करी. हा प्रकार यान उतरण्यापूर्वीही दिसला होता. पण शोधायला जावे तर पुन्हा घडेना.

पॅसाडेना येथील प्रयोगशाळेत यानाची हुबेहूब जोडयंत्रणा होती. इंजिनिअर मंडळींनी तिच्यावर तोच घोटाळा मुद्दाम घडवून आणला, तेव्हा कोडे सुटले. इलाज लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० साली एका निबंधात सविस्तर मांडलेला होता. उमेदवाराने साहेबांना अडवले असेल, तर रजिस्टर सुटेपर्यंत त्यालाच साहेबांचा मान द्यायचा. मग हेडक्लार्क त्याला उठवतील कसे? ही सोय यानावरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये होतीच. त्या एका रजिस्टरापुरती ती बंद राहिली होती.

पृथ्वीवरून निरोप गेला, सोय चालू झाली आणि तो त्रास थांबला. महिनाभराच्या बोलीवर गेलेले ते यान २७ सप्टेंबरपर्यंत पृथ्वीशी बोलत होते.