पाणपक्षी गणनेचा दिवस

पहाटे 4.45. संभाजीनगरात अंधारच आहे. पैठण रस्त्याला लागल्यावर गारठा अंगात शिरायला लागतो. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवल्या आहेत, थंडीत त्या फार लवकर उतरतात. बिडकीनला चहा घेतला.

6.15. पैठणच्या अलीकडे उजवीकडे वळून नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर आलो. गाडी रस्त्यालाच ठेवली, पुढे पायी. पाण्यावर धुकं आहे. काही दिसत नाही, पण पट्टकदंबांचा घोगरा आवाज येतोय, म्हणजे ते आहेत.

7.10. सूर्य उगवला. हा काठ पूर्वेचा, त्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पाखरांच्या अंगावर पडतं. जे फोटो काढायचे ते या दीड तासात. काठच्या हरभऱ्यात पट्टकदंब चरताहेत. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, अगदी ठसठशीत. मंगोलिया, तिबेट, लडाखकडचे हे पाहुणे हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झाली आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू पकडतं. एवढं अंतर कापून आलेल्या पाखराला माझ्या एका फोटोसाठी उडवणं मला अन्याय वाटतो. चरणाऱ्या थव्यातल्या दोघातिघांनी मान वर केली, की मी जागच्या जागी बसतो. त्या माना खाली गेल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही. गेल्या हिवाळ्यात इथंच एकानं जीप थेट शेतात घातली. थवा उठला तो दुपारपर्यंत परतला नाही, आणि आमची अर्धी मोजणी वाया गेली.

8.45. कॅमेरा पिशवीत, दुर्बीण आणि वही बाहेर. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. थव्यातली दहा पाखरं नेमकी मोजायची, तेवढी जागा नजरेत धरायची आणि तीच मापपट्टी थवाभर फिरवायची. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मग आकडे ताडून पाहायचे. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक. सगळ्यात जास्त वारकरी: काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. नाथांच्या पैठणात या पाखराला दुसरं नाव शोभलंही नसतं.

11.00. ऊन तापलं, पाण्यावरची हवा थरथरू लागली. आता मोठ्या लेन्समधूनही चित्र धूसरच येणार. थर्माकोलच्या तराफ्यावरून एक मच्छीमार मामा काठाला लागले.

"मामा, रोहित दिसले का कुठं? ते लांब पायांचे, गुलाबी?"

"न्हाई सर. औंदा पाणी लई वर हाय. चिखल उघडा पडल्याबिगर ती पाखरं येत न्हाईत."

मामांनी एका वाक्यात धरणाचं सगळं पक्षिशास्त्र सांगितलं. 1976 साली पूर्ण झालेलं हे धरण पसरट आणि उथळ आहे, म्हणून पाणी उतरलं की मैलोगणती ओला गाळ उघडा पडतो आणि रोहित, शेकाटे, तुतवार यांचं ताट वाढलं जातं. धरण तुडुंब असलं की शेतकरी सुखी आणि चिखलातली पाखरं कमी. म्हणून नुसता आकडा पाहून 'पक्षी घटले' म्हणू नये. शेजारी पाण्याची पातळीही लिहावी. आम्ही ती लिहितो.

1.00. भाकरी, ठेचा, आणि वहीतल्या बेरजा.

4.15. दलदलीवरचा शिकारी भोवत्या खालून तरंगत गेला आणि हजारभर बदकं एकदम उठली. दहा मिनिटांत पुन्हा बसली. हे भय त्यांच्या ओळखीचं आहे.

6.10. सूर्य आता समोर, पाण्यापलीकडे टेकला. पाखरांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसताहेत. मोजणी थांबवली. दिवसभरात 46 जाती, रोहित शून्य. ते शून्यही वहीत लिहिलं.

जायकवाडी 1986 पासून अभयारण्य आहे. या थंडीत इथं येणार असाल तर ड्रोन घरी ठेवा, गाडी रस्त्यावर ठेवा, आणि पाखरांनी माना वर केल्या की थांबा.